सही

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नक्की कोणाची पूजा करतो, असा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. चौरंगावर लक्ष्मीची तसबीर असते, शेजारी केरसुणी असते, लाह्या-बत्तासे असतात, धने-गूळ असतो. पण आमच्या गुलमंडीवरच्या जुन्या दुकानांतून त्या संध्याकाळी खरा मान असतो तो वहीचा. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, 'श्री' लिहायचा आणि मगच तिच्यात पहिला आकडा पडायचा. पैसा काय, येतो आणि जातो. तो कसा आला आणि कसा गेला हे ज्याला सांगता येते त्याच्या घरी लक्ष्मी थोडी रेंगाळते, असा या पूजेचा अर्थ मी माझ्यापुरता लावून ठेवला आहे.

हा अर्थ मला सुचला तो माझ्या वडिलांमुळे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरण पुरे झाले. त्या मधल्या वर्षांत दादा पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि हिशेबाच्या टेबलावरूनच २००५ साली निवृत्त झाले. धरणात पाणी किती चढले हे इंजिनिअर सांगत. त्या पाण्यापायी सिमेंटची पोती किती उतरली हे दादा सांगत. घरीही तोच खाक्या. लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही, आणि रोज रात्री जेवणानंतर तिच्यात दूध, भाजी, रिक्षा, आईच्या बांगड्या, माझ्या पाटीचा खर्च. पाच पैशांचा फरक लागला तरी त्यांना झोप येत नसे. महिन्याच्या शेवटी बेरजेखाली ते सही करीत. घरच्या हिशेबाखाली सही कशाला, म्हणून आई हसायची. दादा म्हणायचे, "जबाबदारी कोणाची ते कळायला नको?"

अशा माणसाला तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितले, की हा स्मृतिभ्रंश आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द आहे, म्हणून आमच्या आईला तो ओळखीचा वाटला. पण तिथे तो क्रोधातून येतो, आणि दादांना तर जन्मात राग म्हणून आलेला नाही. डॉक्टरांनी समजावले, की हा आजार स्वभावाचा नव्हे, मेंदूचा आहे. १९०६ साली आल्झायमर नावाच्या एका जर्मन डॉक्टरांनी त्याचा एक प्रकार प्रथम मांडला, म्हणून त्या प्रकाराला त्यांचेच नाव पडले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज काढला आहे. म्हणजे आमची गल्ली घेतली, तरी दादा तिच्यात एकटे नसणार.

लोकांना वाटते, या आजारात माणूस आधी नातवंडांची नावे विसरतो. कित्येकदा त्याच्याही आधी पैशाचा व्यवहार हुकू लागतो. वीजबिल दोनदा भरले जाते, सुटे पैसे मोजताना बोटे अडखळतात, आणि फोनवर गोड बोलणाऱ्या कोणालाही मोबाइलवर आलेला आकडा सांगितला जातो. दादांच्या बाबतीत ते वहीतच दिसले. एकाच रकान्याची त्यांनी तीनदा बेरीज केली होती. उत्तरे तीन वेगवेगळी आली होती, आणि तिन्हींवर रेघ मारून खाली सही मात्र केलेली नव्हती.

मग एके दिवशी बँकेतून त्यांचा चेक परत आला. शेरा होता: सही जुळत नाही. बँकेचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. खात्यावरच्या जुन्या सहीत 'ग'च्या काण्याला एक डौलदार शेपटी होती. चेकवरच्या सहीत ती शेपटी अर्ध्यावरच थांबली होती. काउंटरवरचा तरुण मुलगा अदबीने म्हणाला, "आजोबा, पुन्हा एकदा करून दाखवता का?" दादांनी केली. ती तिसऱ्याच माणसाची वाटत होती. चाळीस वर्षे ज्यांच्या सहीवाचून ठेकेदारांची बिले अडत होती, त्यांची स्वतःची सही आता त्यांच्याच पैशाला अडवू लागली.

डॉक्टरांनी औषधांबरोबर आणखी एक सल्ला दिला होता, आणि मला वाटते, तो औषधापेक्षा मोलाचा होता. ते म्हणाले होते, "यांना अजून पुष्कळ समजते आहे. कागदपत्रांचे जे काही करायचे ते यांना विचारून, यांच्या मर्जीने आत्ताच करा. वर्षभराने मी तुम्हाला हे सांगू शकणार नाही."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत बालवर्गाला शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. कादंबरीतला वकील मी सांगेन तेच बोलतो. खरा वकील तसे करीत नाही हे मला त्या आठवड्यात कळले. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले, "दादांचे मुखत्यारपत्र करून घेऊ. म्हणजे पुढे सही मी करीन." वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, १८७२ चा करार कायदा आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की ते मुखत्यारपत्र आपोआप संपते."

मी चकितच झाले. म्हणजे ऊन असेपर्यंत उघडी राहणारी आणि पाऊस आला की आपण होऊन मिटणारी ही छत्री! इंग्रजांनी आपल्याला हा कायदा दिला, पण स्वतःच्या देशात त्यांनी पुढे सुधारणा केली. माणूस शहाणा असताना त्याने नेमलेला मुखत्यार त्याचे शहाणपण गेल्यावरही काम करू शकेल, अशी सोय इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने झाली, आणि २००७ पासून ती आणखी नीट बांधलेली आहे. जपानने २००० साली अशा माणसांसाठी पालक नेमण्याची नवी पद्धत आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेचा सरकारी विमा, ही दोन्ही एकाच वर्षी सुरू केली. आपल्याकडे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेण्याची वाट होती. २०१७ चा नवा कायदा कित्येक बाबतींत अधिक माणुसकीचा आहे. आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवता येते, आपला प्रतिनिधी नेमता येतो, आणि विमा कंपनीला मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे लागते. पण हा प्रतिनिधी उपचारापुरता. घर, शेत, ठेवी यांचे काय, ते त्या कायद्यात नाही. म्हणून अशा घरांना शेवटी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली बेशुद्धीत पडून राहिलेल्या रुग्णांसाठी पालक कसा नेमावा याची पद्धत घालून दिली, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयानेही अशा अर्जांवर पालक नेमले आहेत. आमच्या गावाला ती पायरी तशी जवळ आहे. १९८१ पासून खंडपीठ इथेच बसते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ साली झाले, पण जालना रोडवरून जाताना खंडपीठाची इमारत दाखवून आई अजून म्हणते, "तिथे जायची वेळ येऊ नये गं बाई."

ती वेळ भल्याभल्यांवर येते. जॉर्ज फर्नांडिस आठवतात? ज्यांच्या एका हाकेने मुंबई बंद पडे, १९६७ साली ज्यांनी स. का. पाटलांसारख्या मातब्बराला मुंबईत पाडले, १९७४ साली देशभरची रेल्वे थांबवली, तो माणूस म्हातारपणी आल्झायमरने मुका झाला. त्यांनी कोणाकडे राहावे आणि त्यांची देखभाल कोणी करावी, यावरून २०१० साली त्यांच्या जवळची माणसे दिल्लीच्या उच्च न्यायालयात उभी होती. २०१९ साली ते गेले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी असाच एक संस्कृतचा पंडित उभा केला आहे. तो चित्रपट पाहून मी घरी आले आणि दादांच्या कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते आधी पाहून ठेवले.

त्या दिवाळीला भाऊबीजेसाठी पुण्याहून भाऊ आला, जालन्याहून धाकटी बहीण आली. फराळाची ताटे उचलल्यावर आम्ही सिडकोतल्या घराच्या ओसरीत बसलो. पैशाची गोष्ट काढणे किती अवघड असते, ते ज्याने काढली असेल त्यालाच ठाऊक. भाऊ म्हणाला, "घर तिघांच्या नावाने करून टाकू, म्हणजे पुढे कटकट नको." बहीण काही बोलली नाही, पण मी गावात राहते म्हणून सगळे माझ्याच हाती जाणार, हे तिच्या डोळ्यांत मला दिसले. ते दिसणे फार जड होते. दादा सुपारी कातरीत होते. आम्हाला वाटले, त्यांचे लक्ष नाही. ते एकदम म्हणाले, "मी बसलोय इथे. मला विचारा."

मग आम्ही त्यांना विचारले, आणि दादांनी जे सांगितले ते एखाद्या अधिकाऱ्याने शेरा लिहावा तसे होते. घर ते असेपर्यंत त्यांचे, त्यांच्यामागे आईचे, आणि आईमागे तिघांचे सारखे. पेन्शन आईच्या हाती. हिशेब मी ठेवायचा, आणि भावाने तो तपासायचा. "ज्याने लिहिले त्यानेच तपासायचे नाही," ते म्हणाले. "हा आमच्या ऑफिसातला नियम आहे."

वकीलसाहेबांनीही बक्षीसपत्राला नकारच दिला होता. जिवंतपणी घर देऊन टाकले की म्हातारी माणसे स्वतःच्या घरात पाहुणी होतात. आईबापांना सांभाळण्याची अट घालून दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास रद्द करून घेण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. पण भांडून परत मिळवण्यापेक्षा दिलीच नाही तर काय वाईट? म्हणून दादांनी मृत्युपत्र केले. आजाराचे नाव पडले म्हणून मृत्युपत्र करण्याचा हक्क जात नाही. सही करताना आपण काय करतो आहोत हे त्या माणसाला कळले पाहिजे. त्याच दिवशी डॉक्टरांचा तसा दाखला घेतला आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दस्त नोंदवला. नोंदणीची सक्ती नाही, पण दादांना शिक्का नसलेला कागद कागद वाटत नाही. पेन्शनचे खाते आई-दादांचे संयुक्त करून घेतले, दोघांपैकी कोणीही एक सही करील असे. ठेवींना वारस लावले. शिवाय एक लहानसे खाते फक्त दादांच्या नावाने राहू दिले. त्यात कायम थोडेच पैसे असतात, म्हणजे फोनवरच्या एखाद्या भामट्याला गाठ पडलीच तर नुकसान थोडक्यात आटोपेल. आणि तशी वेळ आली तर तक्रारीसाठी १९३० हा आकडा फोनच्या वर भिंतीवर चिकटवलेला आहे.

ही सारी कामे दोन महिन्यांत झाली. दादांची शेपटीवाली सही त्या दोन महिन्यांत जितकी लागली तितकी त्यांनी केली. एकेका सहीला पाच-पाच मिनिटे लागत. आम्ही कोणी घाई केली नाही.

पण कागद झाले म्हणून खर्च थांबत नाही. हा आजार दवाखान्यात फारसा राहत नाही; तो घरात राहतो, आणि घरातला खर्च कुठल्याच योजनेला दिसत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड मिळते. दादांचेही काढले. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी. दिवसा दादांजवळ बसणाऱ्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला, आजार ४० टक्क्यांवर गेल्याचा तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला असेल तर, ज्येष्ठांच्या उपचारखर्चाची एक लाखापर्यंत वजावट मिळते. पण ज्याच्या उत्पन्नावर करच नाही त्याला ती कशाची? अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात स्मृतिभ्रंशाचे वेगळे नाव नाही. मात्र मनाच्या आजाराच्या व्याख्येत स्मृती हा शब्द आहे. म्हणून सरकारी दवाखान्यात तपासून दाखला मागता येतो. आमच्याकडे त्यासाठी लोक घाटीत जातात. १९५६ साली निघालेल्या मेडिकल कॉलेजचे हे रुग्णालय साऱ्या मराठवाड्याचे आहे, त्यामुळे रांग मोठी असते. पाण्याची बाटली आणि दोन पोळ्या बरोबर घ्याव्यात.

आमच्या घरी निदान पेन्शन आहे. शाळेच्या फाटकाशी एक बाई भाजी विकतात. त्यांचे यजमान मोंढ्यात हमाली करीत. आता ते रोज सकाळी पाठीवर रिकामे पोते घेऊन निघतात आणि वाट चुकतात. या घराला मुखत्यारपत्र नको आणि मृत्युपत्रही नको. त्यांना महिन्याच्या ज्वारीची सोय हवी. पासष्टीच्या पुढच्या निराधारांसाठी राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. नाव किती गोड आहे! पण वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, वयाचा लागतो, महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा लागतो. बाईंना अर्ज मी लिहून दिला. अक्षर चांगले असल्याचा मला आयुष्यात एवढा उपयोग कधी झाला नव्हता. दोन खेपांनी अर्ज मंजूर झाला. आता प्रश्न पैसे काढण्याचा. आजारी खातेदार अंगठा उमटवून पैसे काढू शकतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेतला जबाबदार माणूस असावा लागतो. हा नियम हात थकलेल्या माणसासाठी चांगला आहे. मन थकले तर काय? अंगठा उमटतो, पण कशावर उमटला ते त्या माणसाला कळत नाही. म्हणून बाईंना मी एकच सांगितले, की यजमानांना समजते आहे तोवर खात्याला तुमचे नाव लावून घ्या. त्यांनी त्याच आठवड्यात लावून घेतले.

तरी एक गोष्ट कुठल्याच दस्तात बसत नाही. माणसाच्या खिशात पैसे असावे लागतात. चेकबुक आईकडे गेले तेव्हा दादा काही बोलले नाहीत. पण रिकाम्या खिशात हात घालून ते दिवसभर फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी आईने दहा-दहाच्या दहा नोटा त्यांच्या पाकिटात घातल्या. आता ते रोज कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातात आणि 'मागची बाकी' देतात. बाकी काही नसते. वाणी गंभीरपणे नोट घेतो, खाते उघडल्यासारखे करतो, "जमा झाले, साहेब," म्हणतो आणि संध्याकाळी ती नोट आईकडे परत पाठवतो. हा व्यवहार आमच्या वहीत मी लिहीत नाही. तो कोणत्या रकान्यात लिहावा ते मला ठरवता आलेले नाही.

बाकीचे सगळे लिहिते. मावशींचा पगार, गोळ्या, रात्रीचे कपडे, रिक्षा. महिन्याच्या एक तारखेला पानाचा फोटो भाऊ-बहिणीला जातो. भाऊ खरोखरच तपासतो. एकदा त्याने बारा रुपयांचा फरक विचारला, तेव्हा मला त्याचा राग येण्याऐवजी दादांची आठवण झाली. बहिणीच्या डोळ्यांतले ते काहीतरी आता दिसत नाही. या भाऊबीजेला आपल्याकडेही माणसे जमतील. बॅगा भरायच्या आधी तासभर बसा. घरातल्या वडीलधाऱ्यांची सही अजून जुळते आहे तोवर त्यांना विचारा, की तुमच्या मनात काय आहे. ते रागावतील, रागावू द्यावे. रागावणारा माणूस अजून सगळे समजत असतो.

दिवाळी संपली की निवृत्तांचा नोव्हेंबर येतो, म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पूर्वी दादा इस्त्रीचा सदरा घालून बँकेत जात आणि यादीवर सही करून 'यंदाही आहोत' असे सगळ्यांना सांगत. गेल्या वर्षी भाचा मोबाइल घेऊन समोर बसला. आता चेहरा दाखवूनही दाखला निघतो, मात्र डोळे मिचकवावे लागतात. भाचा म्हणाला, "आजोबा, डोळे मिटा, उघडा." दादांनी मन लावून मिटले, उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. यंत्राने मान्य केले, की हा माणूस हयात आहे. दादा क्षणभर त्या मोबाइलकडे पाहत राहिले, मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पेन दे. खाली सही कुठे करायची?"